जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकतेय, फाईलसिस्टिम कोणती घेऊ?

माजघर | ९ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

१४ तारखेला विंडोज १० चे अपडेट बंद होताहेत. बाबांचा लॅपटॉप २०१६ चा आहे, त्यावर विंडोज ११ बसत नाही. दिवाळीला तासगावला जाणार आहे, तेव्हा लिनक्स मिंट टाकून द्यायचं ठरवलंय. मागच्या खेपेला पेनड्राईव्हवरून चालवून पाहिलं. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग, सगळं चाललं. बाबांनाही आवडलं.

अडले आहे ती एका पडद्यावर. 'समथिंग एल्स' निवडलं की पार्टिशन करताना यादी येते: ईएक्सटी४, ईएक्सटी३, ईएक्सटी२, बीटीआरएफएस, जेएफएस, एक्सएफएस. यातलं काय घ्यायचं? नेटवर वाचायला बसले तर प्रत्येकाचं वेगळं मत.

परिस्थिती अशी. लॅपटॉपमध्ये मूळची १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क आहे. मी २४० जीबीचा नवा एसएसडी घेतलाय, तो आत बसवणार आणि जुनी डिस्क डीव्हीडी ड्राईव्हच्या जागी कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) घालणार. लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, त्यामुळे लाईट गेली की तो जागच्या जागी बंद पडतो. आणि तिकडे संध्याकाळी लाईट जातेच.

आता खरं कारण. बाबांनी निवृत्तीनंतर घरातल्या सगळ्या कॅसेट संगणकावर घेतल्यात. त्यात माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. १९८८ साली घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली ६० मिनिटांची कॅसेट. आजी १९९३ ला गेली. त्या कॅसेटला आता बुरशी आलीय, ती पुन्हा वाजेल असं वाटत नाही. म्हणजे तिचा आवाज आता त्या एका फाईलमध्येच आहे. ती फाईल सुखरूप राहायला काय करावं, एवढंच मला कळून घ्यायचंय.

कोकणकडा | ९ ऑक्टोबर, रात्री १०:२०

डोळे झाकून ईएक्सटी४.

पाटीपेन्सिल | ९ ऑक्टोबर, रात्री १०:४१

डोळे उघडे ठेवून बीटीआरएफएस. :) सविस्तर उद्या लिहिते.

ओसरी | १० ऑक्टोबर, सकाळी ६:५५

माजघर, निवडण्याआधी फाईलसिस्टिम करते काय ते सांगतो. मी महसूल खात्यात नोकरी केली, तेव्हा माझ्याच भाषेत सांगतो.

डिस्क म्हणजे गावची जमीन. फाईलसिस्टिम म्हणजे तिचं दप्तर: कुठला तुकडा कुणाचा, किती, कुठून कुठवर. सातबाऱ्यावरचं नाव बदलायचं तर तलाठी थेट सातबाऱ्यावर खाडाखोड करत नाही. आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद धरतो. ती प्रमाणित झाली की मगच अंमल सातबाऱ्याला. मधेच काही झालं तर वही उघडून बघायची. प्रमाणित नोंद असेल तर अंमल पुरा करायचा, अर्धवट असेल तर सोडून द्यायची. सातबारा अर्धा असा, अर्धा तसा, असं कधी होत नाही.

ईएक्सटी४ मधलं जर्नल हुबेहूब हेच आहे. ईएक्सटी२ ला (१९९३) ही वही नव्हती. लाईट गेली की सुरू होताना पूर्ण डिस्क तपासत बसायची, तासन्‌तास. ईएक्सटी३ मध्ये (२००१) वही आली. ईएक्सटी४ २००८ च्या अखेरीस पक्की झाली. तेव्हा ईएक्सटी२ आणि ३ आज घ्यायचं काही कारण उरलेलं नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. नेहमीच्या मांडणीत जर्नलमध्ये फक्त दप्तराची नोंद जाते, फाईलच्या आतला मजकूर जात नाही. सातबारा शाबूत राहिला म्हणजे शेतातलं पीकही शाबूत राहिलं, असं कुणी तलाठी लिहून देत नाही.

सागरगोटा | १० ऑक्टोबर, सकाळी ८:०३

ओसरीकाका, जर्नल इतक्या सोप्या शब्दांत कधीच कळलं नव्हतं. प्रिंट काढून ऑफिसात लावतो.

पाटीपेन्सिल | १० ऑक्टोबर, सकाळी ११:३०

ओसरीकाकांचं शेवटचं वाक्य पकडूनच पुढे लिहिते, कारण माझा अनुभव नेमका तिथलाच आहे.

माझ्याकडे २००७ पासूनचे फोटो होते, सगळे ईएक्सटी४ वर. दर दिवाळीला बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवायचे. २०१९ मध्ये भावाच्या लग्नाचा अल्बम करायला बसले तेव्हा ११ फोटो अर्धे राखाडी निघाले. वरचा अर्धा फोटो नीट, खाली नुसता पट्टा. बॅकअप काढून पाहिला तर त्यातही तेच. फोटो मूळ डिस्कवर कधीतरी बिघडले आणि मी दरवर्षी इमानदारीने बिघडलेलेच फोटो चांगल्यांवर चढवत गेले. ईएक्सटी४ ने एकदाही सांगितलं नाही, कारण तिला ते कळायचा मार्गच नाही. ती स्वतःच्या दप्तराची बेरीज ताडून बघते, फाईलच्या मजकुराची नाही.

बीटीआरएफएस प्रत्येक तुकडा लिहिताना त्याची चेकसम (मजकुरावरून काढलेली ताळ्याची बेरीज) लिहून ठेवते आणि वाचताना ताडून पाहते. जुळली नाही तर चूक दाखवते, बिघडलेला माल चांगला म्हणून हातात देत नाही. महिन्यातून एकदा 'स्क्रब' चालवलं की सगळी डिस्क वाचून निघते. एकाच डिस्कवर ती बिघाड दुरुस्त करू शकत नाही हे खरं, त्यासाठी दुसरी प्रत लागते. पण कळतं तरी! माझ्या वेळी पहिल्याच वर्षी कळलं असतं तर बॅकअपमधली प्रत तेव्हा चांगली होती.

दुसरं म्हणजे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये बीटीआरएफएस निवडलं की सिस्टिम आणि होम असे दोन सबव्हॉल्यूम (वेगळे कप्पे) आपोआप होतात आणि मिंटमधला टाइमशिफ्ट प्रोग्रॅम त्यांचे स्नॅपशॉट सेकंदात काढतो. अपडेटनंतर काही बिघडलं तर पाच मिनिटांत मागे. फेडोरा लिनक्सने २०२० पासून डेस्कटॉपवर हीच ठेवलीय, ओपनसुसे लिनक्सने तर २०१४ पासून.

वेलदोडा | १० ऑक्टोबर, दुपारी १:१५

पाटीपेन्सिल, तुमच्या फोटोंबद्दल वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

२०१५ मध्ये मी घरच्या डेस्कटॉपवर बीटीआरएफएस घेतली. आठ महिन्यांनी एक दिवस 'जागा शिल्लक नाही'. नेहमीच्या कमांडने बघितलं तर ३० जीबी मोकळी. म्हटलं काहीतरी पुसावं, तर पुसताही येईना, कारण पुसायचं तरी नवी नोंद लिहावी लागते आणि नोंदींसाठी राखलेली जागाच भरलेली. स्नॅपशॉट साचलेले होते, त्यामुळे जे पुसायचो त्याची जागा सुटतच नव्हती. शेवटी पेनड्राईव्ह जोडून, तो तिच्यात सामील करून, 'बॅलन्स' चालवून सुटका झाली. एक रविवार गेला.

आता कर्नल (लिनक्सचा गाभा) पुष्कळ सुधारलाय, मान्य. पण माजघर पुण्याला आणि तिचे बाबा तासगावला. ही कसरत फोनवरून कोण करणार?

पाटीपेन्सिल | १० ऑक्टोबर, दुपारी १:४०

स्नॅपशॉट किती ठेवायचे ते टाइमशिफ्टमध्ये आकडा घालून ठरवता येतं. रोजचे ३, आठवड्याचे २, बस्स. २०१५ चा अनुभव २०२५ ला लावू नका हो.

वेलदोडा | १० ऑक्टोबर, दुपारी १:५२

तेही बरोबर. मी पुन्हा घेतली नाही एवढंच. भीती बसली ती बसली.

सागरगोटा | १० ऑक्टोबर, दुपारी २:०५

ते बीटीआरएफएस म्हणायचं कसं? आमच्या ऑफिसात एक जण 'बटर एफएस' म्हणतो, एक 'बेटर एफएस'.

फणसगरे | १० ऑक्टोबर, दुपारी २:१९

आमच्याकडे 'लोणी'. 'घरी काय, लोणी की ईएक्सटी?' असंच विचारतो एकमेकांना.

झुंजूमुंजू | १० ऑक्टोबर, रात्री ९:४०

बंगळूरला सर्व्हर सांभाळायचं काम करतो. आमच्याकडे जवळजवळ सगळीकडे एक्सएफएस. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने नव्वदच्या दशकात आपल्या मोठ्या यंत्रांसाठी बनवली आणि नंतर लिनक्सला दिली. रेड हॅट कंपनीने आपल्या सर्व्हरच्या लिनक्समध्ये २०१४ पासून, आवृत्ती ७ पासून, तीच मुख्य ठेवली. त्याच रेड हॅटने आवृत्ती ८ मधून बीटीआरएफएस काढून टाकली, हेही नोंदवून ठेवतो.

एक्सएफएस मोठ्या फायली आणि एकाच वेळी अनेक कामं यांत तगडी आहे. तरी या लॅपटॉपसाठी मी ती सुचवणार नाही. तिचं पार्टिशन वाढवता येतं, लहान करता येत नाही. घरच्या माणसाला कधी ना कधी पार्टिशन लहान करावंसं वाटतंच. ईएक्सटी४ अनमाउंट करून (वापरातून बाजूला काढून) लहान होते, बीटीआरएफएस तर चालू असतानाही होते.

बाकी यादीतल्या जेएफएसला हात लावू नका. आणि नवलाई म्हणून काहीही घेऊ नका. बीकॅशएफएस जानेवारी २०२४ मध्ये ६.७ कर्नलात आली तेव्हा आम्ही सगळे उत्साहात होतो, २०२५ मध्येच तिला कर्नलाबाहेर काढलंसुद्धा. रायझरएफएस एके काळी किती घरांत होती! यंदा जानेवारीत ६.१३ मधून तीही गेली. आजीचा आवाज ज्या घरात ठेवायचा, ते घर वीस वर्षं उभं राहील का, एवढं बघा.

पारंबी | १० ऑक्टोबर, रात्री १०:३१

झेडएफएसचं नाव कुणीच कसं काढलं नाही? माझ्याकडे चार डिस्कचा डबा आहे, सहा वर्षं झेडएफएसवर. दोन डिस्क मेल्या, एक फाईल गेली नाही.

झुंजूमुंजू | १० ऑक्टोबर, रात्री १०:४४

पारंबी, चार डिस्कला झेडएफएस घ्याच. पण सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने २००५ मध्ये ती खुली केली ती अशा परवान्याखाली की मुख्य कर्नलात ती येऊ शकलेली नाही, वेगळं मॉड्यूल जोडावं लागतं. एका एसएसडीच्या लॅपटॉपवर, तेही वडिलांच्या, तो व्याप कशाला?

उंबरठा | ११ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

लाईटीचा मुद्दा मागे पडला, म्हणून लिहितो.

२००९ ची गोष्ट. मी जळगावला होतो, भारनियमन जोरात. ईएक्सटी४ नवीनच आली होती, हौसेने घेतली. एका संध्याकाळी लाईट गेली, आली, आणि डेस्कटॉप कोरा. पॅनल नाही, माझ्या सेटिंग्ज नाहीत. बघतो तर सगळ्या सेटिंगच्या फायली शून्य बाइटच्या. नाव आहे, आत काही नाही.

हे जगभर झालं होतं. ईएक्सटी३ दर ५ सेकंदांनी मजकूर डिस्कवर उतरवायची. ईएक्सटी४ मुद्दाम थांबते, जेणेकरून जागा सलग देता यावी. त्यामुळे मजकूर अर्ध्या मिनिटापर्यंत नुसता मेमरीत राहू शकायचा. नाव बदलल्याची नोंद मात्र जर्नलमध्ये गेलेली. ईएक्सटी४ चे मुख्य कर्ते टेड त्सो यांचं म्हणणं होतं की मजकूर पक्का उतरवून घ्यायची जबाबदारी प्रोग्रॅमची आहे. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही होतं. तरी त्यांनी २.६.३० कर्नलमध्ये तोडगा घातला: जुन्या फाईलच्या जागी नवी आणायची तर आधी मजकूर उतरवायचा. त्यानंतर मला हा त्रास एकदाही झाला नाही.

सांगायचं हे की लाईट गेल्यावर दप्तर वाचवणं आज ईएक्सटी४, बीटीआरएफएस, एक्सएफएस तिघींना जमतं. पण त्या क्षणी जे मेमरीत आहे ते कुणीच वाचवू शकत नाही. म्हणून माजघरताई, फाईलसिस्टिमच्या आधी लॅपटॉपला नवी बॅटरी घाला. लॅपटॉपला यूपीएस पोटातच मिळालेला असतो, तो मेलेला ठेवू नका.

कोकणकडा | ११ ऑक्टोबर, सकाळी ७:५८

बॅटरीचा मुद्दा लाख मोलाचा. आणि ईएक्सटी४.

पिंपळपान | ११ ऑक्टोबर, सकाळी ११:१२

थोडं अवांतर, पण माजघर यांना हे लागणारच आहे. बाबांच्या फायलींची नावं मराठीत आहेत का?

माजघर | ११ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

सगळी मराठीत! आणि ऐसपैस. 'श्रीक्षेत्र औदुंबर येथील दत्तजयंती उत्सवातील भजन', त्यापुढे गाणाऱ्यांची नावं, साल, कॅसेट कुठल्या पाहुण्यांकडून आणली तेही. बाबा मराठीचे शिक्षक होते, अर्धवट शीर्षक त्यांना चालत नाही. का हो?

पिंपळपान | ११ ऑक्टोबर, दुपारी १:०५

मग ऐका. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये नावाला २५५ अक्षरखुणांची मर्यादा आहे, मग ती देवनागरी असो की रोमन. ईएक्सटी४, बीटीआरएफएस, एक्सएफएस या तिन्हींत मर्यादा २५५ बाइटची आहे. लिनक्स नावं साठवतं त्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळ्याला वेगळे ३. नुसता 'श्री' घ्या: श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. झाले १२ बाइट. म्हणजे इंग्रजी नावाला २५५ अक्षरं मिळतात तिथे आपल्याला ८५ खुणा.

तुम्ही दिलेलं औदुंबरचं नाव मोजलं: ४३ खुणा आणि ५ मोकळ्या जागा, एकूण १३४ बाइट. एमपी३ चं शेपूट धरून १३८. त्यापुढे गाणाऱ्यांची नावं आली की २५५ ओलांडलंच समजा. कॉपी करताना 'फाईल नेम टू लाँग' असं येईल आणि ती फाईल मागेच राहील. शेकडो फायलींत एक राहिली तर लक्षातही येत नाही. माझे दोन लेख असेच मागे राहिले होते आणि मी जुनी डिस्क पुसली.

तेव्हा आधी लांब नावं शोधून छोटी करा, मग हलवा. पूर्ण तपशील त्याच फोल्डरमध्ये एका साध्या मजकुराच्या फाईलीत ठेवा, बाबांच्या शीर्षकांना धक्का लागायला नको.

फणसगरे | ११ ऑक्टोबर, दुपारी १:२२

हे अवांतर कसलं, हाच मुख्य मुद्दा आहे! यात भर. 'दऱ्याखोऱ्या'तला 'ऱ' दोन प्रकारे लिहिला जातो: एकच खूण, किंवा साधा र आणि खाली नुक्ता. दिसायला सारखेच. जुन्या मॅकच्या डिस्कवर नाव दुसऱ्या प्रकाराने साठायचं. तिथून लिनक्सवर आणलं तर एकाच फोल्डरमध्ये 'दऱ्याखोऱ्या' नावाच्या दोन फायली सुखाने नांदतात. लिनक्सच्या लेखी बाइट वेगळे म्हणजे नाव वेगळं. अर्धा दिवस मला वाटत होतं डिस्कच बिघडली.

सागरगोटा | ११ ऑक्टोबर, दुपारी १:३०

दोन दऱ्या, चार खोऱ्या. गिर्यारोहकांची सोय झाली.

माजघर | ११ ऑक्टोबर, रात्री ९:१५

पिंपळपान, तुमचे उपकार कसे फेडू? हे मला कुठेच वाचायला मिळालं नसतं. बाबांना फोनवर सांगितलं, त्यांनी वही काढून नावं छोटी करायला घेतलीसुद्धा. 'श्री' ला १२ बाइट लागतात याचा त्यांना अभिमानच वाटला.

उंबरठा, बॅटरी मागवली.

आता दोन शंका. जुन्या १ टीबी डिस्कवर एनटीएफएस तशीच ठेवली तर? लिनक्स ती वाचतंच ना? आणि एसएसडीवर जर्नल ठेवलं तर तो लवकर झिजतो असं वाचलं.

झुंजूमुंजू | ११ ऑक्टोबर, रात्री ९:५०

झिजेची काळजी सोडा. घरगुती वापरात जर्नलचं लिखाण एसएसडीच्या आयुष्याच्या मानाने किरकोळ असतं. जर्नल मुळीच बंद करू नका. मिंट आठवड्याला ट्रिम (मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवणं) आपोआप चालवतं.

एनटीएफएस लिनक्स वाचतं आणि लिहितं, ५.१५ पासून तर कर्नलातच नवा ड्रायव्हर आहे. पण ती बिघडली तर नीट दुरुस्त करायला विंडोजच लागतं आणि तुमच्या घरातून विंडोज जातंय. म्हणून सामान बाहेर काढा, डिस्क लिनक्सच्या फाईलसिस्टिममध्ये फॉरमॅट करा, सामान परत आत.

नुसत्या सामानाच्या पार्टिशनवर ईएक्सटी४ घेतलीत तर एक करा. ती ५ टक्के जागा मूळ सिस्टिमसाठी राखून ठेवते, १ टीबीत सुमारे ५० जीबी. सामानाच्या डिस्कला त्याची गरज नाही. ट्यून२एफएस या कमांडने तो आकडा १ वर आणा.

ओसरी | १२ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

त्याच्याही आधी एक काम. ती जुनी डिस्क नऊ वर्षांची आहे. मिंटमध्ये 'डिस्क्स' नावाचा प्रोग्रॅम असतो, त्यात 'स्मार्ट' माहिती उघडा आणि 'पेंडिंग सेक्टर' (डिस्कला नीट वाचता न येणारे तुकडे) समोरचा आकडा बघा. शून्य नसेल तर तिथे कुठलीच फाईलसिस्टिम घालू नका. जमीनच खचत असेल तर दप्तर कितीही चोख असून काय उपयोग?

रानजाई | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

मी तंत्रज्ञ नाही, मुलाने टाकून दिलेलं लिनक्स वापरते. पण वेलदोडा यांनी विचारलं ना, फोनवरून कोण करणार, त्यावर सांगते.

गेल्या पावसाळ्यात लाईट जाऊन माझा संगणक सुरू होईना. काळा पडदा आणि 'इनिट-रॅम-एफएस' असं काहीतरी. मुलगा पर्थला. त्याने फोनवर एकेक अक्षर सांगितलं: एफ, एस, सी, के, मग जागा, मग डिस्कचं नाव. मी टाइप केलं, एंटर दाबलं, खूप ओळी धावल्या, त्याने 'वाय' दाबायला सांगितलं. दहा मिनिटांत सुरू. त्याला विचारलं तर म्हणाला, आई, ईएक्सटी४ आहे म्हणून हे इतकं सोपं. बीटीआरएफएसला असा एकच ठरलेला मंत्र नाही म्हणे.

पाटीपेन्सिल | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

रानजाईताई, हे मात्र खरं. बीटीआरएफएसच्या दुरुस्तीची कमांड न विचारता चालवू नये असं तिच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. अशा वेळी आधी फायली दुसरीकडे काढून घ्यायच्या आणि मग बाकीचं. सिस्टिमच्या पार्टिशनपुरता मी माझा हट्ट सोडते. ओव्यांच्या डिस्कसाठी मात्र सोडत नाही. चेकसम हवीच.

उंबरठा | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

पाटीपेन्सिल, चेकसम हवी हे शंभर टक्के मान्य. पण ती फाईलसिस्टिमच्या आत असायलाच हवी असं नाही. ओव्या आत्ता वेव्ह फाईलमध्ये असणार. ६० मिनिटं, सीडीच्या दर्जाची, म्हणजे साधारण ६३५ एमबी. त्याची फ्लॅक करा. आवाजात एका कणाचाही फरक पडत नाही, आकार बराच कमी होतो आणि मुख्य म्हणजे मूळ आवाजाची एमडी५ खूण, म्हणजे चेकसमच, फाईलच्या आतच लिहिलेली असते. वर्षांनंतरही फ्लॅकची तपासणी चालवली की एक बिट इकडचा तिकडे झालेला लगेच कळतो. ईएक्सटी४ असो, पेनड्राईव्ह असो, मामाचा विंडोज असो, खूण फाईलसोबत प्रवास करते.

पाटीपेन्सिल | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:२५

हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद, उंबरठा. फोटोंना असं काही नसतं ना?

उंबरठा | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:३१

जेपीजीत नाही. त्यांच्यासाठी शा-२५६ या चेकसमची यादी बनवून सोबत ठेवायची आणि अधूनमधून ताडायची. नाहीतर तुमचं लोणी.

माजघर | २५ ऑक्टोबर, रात्री ८:४०

भाऊबीज आटोपून पुण्याला परतले. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, तर काय झालं ते सांगायलाच हवं.

ओसरीकाकांचं ऐकून आधी स्मार्ट बघितलं. पेंडिंग सेक्टर: १७. बाबांना दाखवलं तर ते गप्पच बसले. ती डिस्क कॅडीत घालायचा विचार तिथेच सोडला आणि सांगलीहून १ टीबीची नवी बाहेरची डिस्क आणली. सगळं सामान आधी तिच्यावर उतरवायला घेतलं. ओव्यांची फाईल सगळ्यात आधी. ती कॉपी होत होती तेव्हा बाबा आणि मी दोघंही पडद्याकडे बघत बसलो होतो. पूर्ण आली. नंतर एका भजनाच्या फाईलीवर आणि दोन फोटोंवर 'इनपुट आउटपुट एरर' आला. भजन डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने तीनचार वेळा वाचायला लावून निघालं, फोटो नाही निघाले. एक माझ्या भावाच्या मुंजीतला होता. असो.

एसएसडीवर ईएक्सटी४ घेतली. सिस्टिम आणि होम वेगळी न करता एकच, कारण २४० जीबीत तुकडे करून कुठे तरी कमीच पडलं असतं. टाइमशिफ्ट आठवड्याला दोन प्रती ठेवतं. बाहेरच्या डिस्कवर बीटीआरएफएस, आणि पहिल्या शनिवारी स्क्रब चालवायचं बाबांनी कॅलेंडरवर संकष्टीच्या शेजारी लिहून ठेवलंय. ओव्यांची फ्लॅक केली, तिची तपासणी चालवली, एक प्रत माझ्याकडे पुण्याला, एक आत्याकडे मिरजेला पेनड्राईव्हवर. पेनड्राईव्ह एक्सफॅट ठेवला, तिच्या टीव्हीवरही वाजतो.

बॅटरी आली. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला लाईट गेली तेव्हा बाबा टाइप करत होते. पडदा थोडा मंद झाला, बस्स. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि लिहीत राहिले.

कोकणकडा | २५ ऑक्टोबर, रात्री ८:५२

वाचून फार बरं वाटलं. बाबांना नमस्कार सांगा.

वेलदोडा | २५ ऑक्टोबर, रात्री ९:१०

बाहेरच्या डिस्कवर बीटीआरएफएस घेतलीत, तर काढण्याआधी न चुकता 'इजेक्ट' करायला सांगा बाबांना. आणि ती ८५ टक्क्यांच्या वर भरू देऊ नका.

रानजाई | २५ ऑक्टोबर, रात्री ९:३३

माजघर, माझ्याकडे आईच्या आवाजातल्या भोंडल्याच्या गाण्यांच्या दोन कॅसेट आहेत, १९८५ च्या सुमाराच्या. एकीवर पांढरे ठिपके दिसताहेत. बाबांनी त्या संगणकावर घेतल्या कशा? टेपरेकॉर्डर आहे माझ्याकडे, पुढची वायर कुठली घ्यायची तेच कळत नाही.

माजघर | २५ ऑक्टोबर, रात्री ९:४१

रानजाईताई, ठिपके असलेली कॅसेट आधी मुळीच वाजवू नका, बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला लागते आणि मग दुसऱ्या कॅसेटला. चांगली आहे ती आधी घ्या. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात जाणारी साधी वायर बाबांनी वापरली, आणि ऑडॅसिटी. आवाज अर्ध्यावर ठेवायचा, नाहीतर फाटतो. बाबा म्हणताहेत उद्या सकाळी ते स्वतःच तुम्हाला सविस्तर लिहितील, नवा धागा काढा.